भागामावशीचं रडणं

८ ऑक्टोबर २०२४, जळगाव

बँडला नाव मिळालं. कांदेबाग. अभिमनने सुचवलं. मला आधी हसू आलं. पुण्या-मुंबईचे लोक कांद्याचा मळा समजतील. पण ऑक्टोबरात लावलेल्या केळीला आपल्याकडे कांदेबाग म्हणतात, आणि आपणही ऑक्टोबरातच लागलो, असं तो म्हणाला. नवल म्हणाला, "चालतंय भो, कापणीला आलो म्हणजे झालं." सारिकाने लगेच फोनवर लिहूनही घेतलं. माझं 'रेड सॉइल' कोणी ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

तालीम पप्पांच्या एमआयडीसीतल्या गोडाऊनमध्ये. भोवती ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, त्यामुळे आवाज घुमत नाही. मी गिटार, नवल ड्रम, सारिका गायला. ती अमळनेरच्या शाळेत संगीत शिकवते आणि शनिवारी गाडीने येते. अभिमन बेस वाजवतो आणि गाणी लिहितो. तो धुळ्याचा, देवपुरात घर. कॉलेजात माझा रूममेट होता. गाणी अहिराणीत लिहितो आणि मान्य करावं लागतं की बरी लिहितो. गोडाऊन माझं, अँप माझे, कल्पना माझी. तरी तालमीत सगळे त्याच्याकडे बघून सुरू करतात.

१४ डिसेंबर

अमळनेरला एका गॅदरिंगमध्ये पहिला कार्यक्रम. दोन गाणी झाली आणि मागून पोरं ओरडायला लागली, डीजे लावा, डीजे लावा. तिसऱ्या गाण्यात कोणीतरी चप्पल फेकली. चौथ्यात निवेदकाने येऊन माइक काढून घेतला आणि "कलाकारांचे आभार" म्हणून मोकळा झाला. सारिका तिथलीच. पुढच्या रांगेत तिचे विद्यार्थी बसलेले.

परत येताना टेम्पोत अभिमन हसत होता. "चप्पल नवी होती रे, पॅरागॉन. दुसरी पण फेकली असती तर जोडी झाली असती." बाकीचे दोघेही हसले. मी नाही हसलो. मला हे हसण्यावारी नेणं परवडत नाही. पप्पांनी मार्चपर्यंतची मुदत दिलीय, मग त्यांच्या दुकानात बसायचं.

५ जानेवारी २०२५

आज वाद झाला. मला आवाज मोठा हवा, एकदम अंगावर येणारा. अभिमनला मध्ये मोकळी जागा हवी. म्हणे, "माणसाला श्वास घ्यायला जागा ठेव ना योगेन." मी म्हटलं, श्वास घ्यायला लोक घरी बसतात. तो गप्प झाला की सारिका माझ्याकडे असं बघते, जसं मी काही सांडलंय.

२१ जानेवारी

परवा रेकॉर्डिंग ठरलंय आणि बेसचा अँप अजून धुळ्यातच आहे, दुरुस्तीला टाकलेला. अभिमन म्हणतो, धुकं फार पडतंय, उद्या दुपारी पिकअप मिळतोय, त्यात टाकतो. मी सांगितलं, दुपारी नाही, सकाळी नऊला तू अँपसकट गोडाऊनमध्ये पाहिजेस. बाइकला बांध आणि ये. "बरं," म्हणाला. एका शब्दात ऐकलं. असं आधीच बोलायला हवं होतं.

२२ जानेवारी

अभिमन गेला. पारोळ्याच्या अलीकडे, उभ्या ट्रेलरला मागून धडकला. पोलिसाने सांगितलं, जागेवरच. कोणी पोहोचायच्या आधीच संपला होता, एक शब्द बोलला नाही.

अँपला काही झालं नाही. एक कोपरा दबलाय.

२४ जानेवारी

काल धुळ्याला होतो. काही लिहवलं नाही.

त्याची आई दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. भागामावशी. कॉलेजात असताना दर रविवारी त्यांच्या हातची कळण्याची भाकर आणि भरीत खाल्लंय मी. त्यांना धरायला बायका होत्या पण त्या कोणाच्या हाती लागत नव्हत्या. एकच म्हणत होत्या, "आभिमन, भाकर थंडी व्हई गयी रे. दार उघडं शे, घर ये." परत परत. पितांबर आबा, म्हणजे त्याचे वडील, पिंपळाखाली उभे होते आणि येईल त्याला हात जोडत होते.

माझा फोन खिशात चालू राहिला. रेकॉर्डिंगचं बटण कधी दाबलं गेलं कळलं नाही.

२ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर दाबलं गेलं नव्हतं, मी दाबलं. इथे खोटं कशाला लिहू. का दाबलं ते मला सांगता येणार नाही. वाटलं, हे पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही.

आज गोडाऊनमध्ये एकटाच होतो. हेडफोन लावून ऐकलं. मावशी सुरात रडतात. म्हणजे खरोखर सुरात. 'थंडी' वर आवाज चढतो आणि 'घर ये' वर बरोबर खाली येऊन टेकतो, प्रत्येक वेळी त्याच जागी. मी खाली गिटार धरून पाहिली. तीन कॉर्ड पुरल्या. मध्ये मोकळी जागाही सोडली. अभिमनला आवडलं असतं.

९ फेब्रुवारी

दोघांना ऐकवलं. नवलने काड्या खाली ठेवल्या आणि बाहेर जाऊन उभा राहिला. सारिकाने शेवटपर्यंत ऐकलं.

"मावशींना विचारलंस?"

"विचारणार आहे."

"कधी?"

"गाणं पूर्ण झालं की. अर्धवट काय ऐकवायचं त्यांना."

ती म्हणाली, हे वाजवायचं नाही. मी म्हटलं, मग अभिमनसाठी आपण काय करणार, फोटोला हार घालणार? दर वर्षी घालणार? याने तो राहील. पुष्कळ बोललो आणि मनापासून बोललो. शेवटी ती रडली आणि म्हणाली, ठीक आहे, मी मागे आलाप धरते, पण आधी विचार. मी हो म्हटलं.

१ मार्च

'थंडी भाकर' ऑनलाइन टाकलं. मावशींना फोन लावला होता, आबांनी उचलला. आवाज थकलेला वाटला म्हणून विषय काढला नाही.

९ मार्च

विश्वास बसत नाही. फोन खाली ठेवता येत नाही. दुबईचा कोणी पाचोऱ्याचा मुलगा लिहितो, रोज रात्री आईला लावून देतो. कोल्हापूरच्या बाईने लिहिलंय की शब्द कळत नाहीत पण जेवण गेलं नाही. मुंबईच्या एका वेबसाइटवर आलं, 'खान्देशातला नवा आवाज'. पप्पांनी मुदतीचा विषय काढला नाही. उलट दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला सांगत होते, मुलगा गाण्यात आहे.

नवल विचारत होता, आवाज कोणाचा म्हणून लिहायचं? मी 'पारंपरिक' लिहिलंय. तेच सोयीचं.

१७ एप्रिल

जे व्हायचं होतं ते झालं. देवपुरात त्यांच्या गल्लीत हळद होती. डीजेवाल्याने 'थंडी भाकर'ला ठेका लावून वाजवलं. पोरं नाचत होती. मावशी ओट्यावर गहू निवडत बसलेल्या.

आबांचा फोन आला. फक्त "ये" म्हणाले.

१८ एप्रिल

धुळ्याला जाऊन आलो. आबांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं. मग विचारलं, "तुना फोन कोठे व्हता त्या दिन?"

"खिशात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, विषय संपला असता. तेवढ्यात मावशी आतून आल्या आणि समोर बसल्या. बारीक झाल्यात. म्हणाल्या, "लाव."

मी लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, "आखो लाव." परत लावलं. मग त्यांनी विचारलं, हे किती जण ऐकतात. मी आकडा सांगितला नाही, नुसतं फोनवरचं एक चित्रण दाखवलं. नाशिकच्या कॉलेजची पोरं एका सुरात म्हणताहेत, आभिमन, घर ये.

मावशी फोन हातात धरून बघत होत्या. "इतला लोके त्याले बलावतस?"

"हो मावशी."

"मंग त्याले आयकू जाई."

आबा उठून बाहेर गेले. मला मात्र एकदम हलकं वाटलं. निघताना मीच विचारलं, मावशी, तुम्ही आमच्यासोबत स्टेजवर याल का? नुसतं बसायचं. त्यांनी आत जाऊन चांगलं लुगडं कोणतं ते बघायला सुरुवात केली.

सारिकाला कळवलं, परवानगी मिळाली. उगाच घाबरवलं होतं तिने.

११ मे

जळगावला पहिला मोठा कार्यक्रम, तिकीट लावून. उकाड्याने गिटारच्या तारा सारख्या उतरत होत्या, पण मैदान भरलं. शेवटच्या गाण्याला दिवे विझवले. मधोमध खुर्ची, तिच्यावर मावशी, वरून एकच झोत. सारिका आलाप घेते, मी तीन कॉर्ड, आणि मावशी माइकसमोर रडतात. खरं रडतात. पदर तोंडात धरतात आणि तरी सूर जात नाही. पुढची मुलगी खाली बसली. सगळ्या मैदानात फोनचे उजेड.

संपल्यावर लोक त्यांच्या पाया पडत होते. मावशी प्रत्येकाला विचारत होत्या, "तू बलाया ना त्याले? मोठ्यानं बलाया ना?"

२२ जून

नाशिक, संभाजीनगर, इंदूर. मावशींना गाडी लागते, तरी कधी कुरकुर नाही. सारिका त्यांच्याजवळ बसते, आवळा सुपारी देते. आबा एकदाही आले नाहीत.

एक छोटी युक्ती सापडलीय. इंदूरला मावशी कोरड्या बसलेल्या दिसल्या, म्हणून स्टेजवर जायच्या आधी अभिमनचा चौकड्यांचा शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. गोडाऊनमध्ये राहिला होता त्याचा. काम झालं. तो शर्ट आता गिटारच्या पेटीत ठेवतो. नवल म्हणाला, "हे बरं नाही भो." मी त्याला विचारलं, आईला मुलाचा शर्ट देणं यात वाईट काय आहे?

३ जुलै

शर्टाचा उपयोग होत नाही आता. मावशी तो घडी घालून बाजूला ठेवतात. काल तर धुऊन आणला.

१९ जुलै, पुणे

आजचं सगळं लिहून ठेवतो. हा आतापर्यंतचा सर्वांत मोठा दिवस आहे.

सभागृह भरलेलं. म्युझिक कंपनीची माणसं दुसऱ्या रांगेत, करार करायच्या तयारीने आलेली. शेवटच्या गाण्याआधी मी विंगेत मावशींकडे पाहिलं तर त्या खिडकीतून बाहेरच्या गुलमोहराकडे बघत होत्या. चेहरा शांत. म्हणाल्या, काल बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागली. आबांनी म्हणे घरी कोथिंबीर लावलीय, ती उगवलीय. तेच सांगत होत्या.

दोन मिनिटांत स्टेजवर जायचं होतं. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, "मावशी, तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही. पोलिसाने मला सांगितलं होतं. अभिमन लगेच गेला नाही. बराच वेळ होता. आई, आई म्हणत होता."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग उठल्या आणि चालत खुर्चीपर्यंत गेल्या.

असं रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही. घरी उंबऱ्यावरसुद्धा नव्हतं. सूर सुटला, शब्द सुटले, मी कॉर्ड थांबवल्या कारण खाली काहीच बसत नव्हतं. नुसता तो आवाज. सभागृह उभं राहिलं. कंपनीच्या माणसाने माझे दोन्ही हात हातात घेतले.

सारिका विंगेत माझ्या मागेच उभी होती, हे मला माहीत नव्हतं. बाहेर येऊन तिने विचारलं, "पोलिसाने हे सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "सांगितलं नव्हतं. पण तसं झालंच नसेल कशावरून?"

तिने बॅग उचलली आणि मावशींचा हात धरून म्हणाली, चला मावशी, माझ्यासोबत, घरी सोडते तुम्हाला. मावशी गेल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. "मंग काय बोलना तो? सांग ना. आई म्हने, मंग काय बोलना?"

सारिका एकटीच गेली. मला वाटतं यात थोडा मत्सर आहे. गायिका ती, आणि लोक उभे राहिले मावशींसाठी.

१० ऑगस्ट

करार झाला. सारिकाच्या जागी कोणीतरी बघावं लागेल, तोवर तिचा रेकॉर्ड केलेला आलाप वापरतो.

मावशी प्रत्येक कार्यक्रमाआधी विचारतात, "आखो काय बोलना?" मी सांगतो. एकदा सांगितलं, पाणी मागत होता. एकदा, भाकर झाली का विचारत होता. दर वेळी थोडं नवीन लागतं, जुन्याने होत नाही. रात्री झोपताना मला विचार करावा लागतो की उद्या काय. त्याचा मला त्रास होतो, हे कोणाला कळत नाही. नवल आजकाल ड्रम वाजवून झाले की सरळ गाडीत जाऊन बसतो.

३१ ऑगस्ट

ठाण्याला मावशी रडल्याच नाहीत. मी सांगितलं की तो शेवटी थंडीने कुडकुडत होता. त्या "हां" म्हणाल्या, जाऊन खुर्चीवर बसल्या, आणि हजार लोकांकडे बघत बसून राहिल्या. हात मांडीवर. लोकांना आधी वाटलं हीच सुरुवात आहे. मग कोणीतरी हसलं. मी साउंडवाल्याला खूण केली आणि त्याने जुनं रेकॉर्डिंग लावलं. मावशींचं रडणं स्पीकरमधून आणि मावशी समोर बसलेल्या, तोंड बंद. फार वाईट दिसलं. कोणीतरी त्याचं चित्रण टाकलंय आणि खाली लिहिलंय, 'फसवणूक'.

गाडीत विचारलं, काय झालं मावशी. म्हणाल्या, "येतच नई. आत काही नई ना."

डॉक्टरांकडे नेऊ का म्हटलं. नको म्हणाल्या.

६ सप्टेंबर

कंपनीने मयुरी नावाची मुलगी पाठवली. पुण्याची, शास्त्रीय शिकलेली, नाटकातही काम केलेली. अहिराणी येत नाही पण कान तयार आहे. तिला मूळ रेकॉर्डिंग दिलं. चार दिवसांत तिने हुंदकेसुद्धा जागच्या जागी बसवले. शिवाय तिला रोज जमतं. सकाळी, संध्याकाळी, जेवल्यावर, केव्हाही.

मावशींना कळवायला नवलला पाठवलं. मला तालीम होती. त्याने सांगितलं की मावशींनी त्याला जेवू घातलं आणि विचारलं, आता योगेन येणार नाही का. अभिमनची ती शेवटची गोष्ट अर्धीच राहिलीय म्हणाल्या.

२ ऑक्टोबर

पितांबर आबा गेले. झोपेतच. आज नाशिकचा कार्यक्रम होता, मला जाता आलं नाही. बँडच्या नावाने हार पाठवला. नवल मात्र ड्रम सोडून धुळ्याला गेला. त्याला म्हटलं, असं करणार असशील तर विचार करावा लागेल. तो म्हणाला, कर. नाशिकला दुसऱ्या मुलाने वाजवलं आणि कोणाला फरक कळला नाही.

१८ ऑक्टोबर

दुपारी गोडाऊनमध्ये तालीम सुरू असताना शटरमध्ये मावशी उभ्या दिसल्या. धुळ्याहून एसटीने एकट्या आलेल्या. सोबत नवल होता. स्टँडवर भेटल्या म्हणाला, पण मला वाटतं त्यानेच आणलं. कपाळ मोकळं. मयुरीने खुर्ची दिली, मी पाणी मागवलं. आबांचं वाईट झालं म्हटलं.

मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "मना घरना माणूस गया, नि मले रडू येत नई. बाया नावं ठेवतस. म्हनतस, इनं बठ्ठं रडनं ईकी टाकं." सगळं रडणं विकून टाकलं म्हणे. मग माझ्या हाताला हात लावून म्हणाल्या, "तुनाजोडे मनं रडनं शे ना. ते लाव. ते आयकीसन मले येई."

मी मयुरीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. लवकर आटपावं म्हणून मी फोन काढला आणि मूळ रेकॉर्डिंगच लावलं, उंबऱ्यावरचं, गिटार नसलेलं. मुद्दाम स्पीकरला जोडलं, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून.

मावशी ऐकत राहिल्या. डोळे कोरडे. एकदा थोड्या पुढे वाकल्या, जसं एखाद्या घरासमोर आपण थांबतो, ओळखीचं आहे का बघायला. मग परत मागे टेकल्या. नवल दाराशी तोंड फिरवून उभा होता. रेकॉर्डिंग संपलं. मी विचारलं, परत लावू? त्या नको म्हणाल्या, पदर सारखा केला आणि उठल्या.

"चांगली रडस ही बाई," म्हणाल्या. "बिचारीनं कोन गयं?"

नवल त्यांना स्टँडवर सोडायला गेला. तो परत आलेला नाही, काड्याही घेऊन गेलाय.

मावशींना वाटलं ते मयुरीचंच गाणं आहे. म्हणजे खुद्द त्यांनाही फरक कळला नाही. मी मयुरीला तसं सांगितलं. ती खूश झाली.